केएच पडतो, कॅल्शियम जागचं हलत नाही: रीफ टाकीचा डोस बसवण्याआधी काय तपासायचं

रीफ टाकी म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ पाळायची काचेची टाकी, आणि प्रवाळ जे कॅल्शियम आणि केएच (पाण्याची क्षारता) खातं ते रोज भरून देणं म्हणजे डोस. आधी लक्षणं. यातली दोन-तीन तुमच्या टाकीत दिसत असतील तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

रोज डोस देऊनही केएच साडेआठवरून सातवर येतो, आणि डोस वाढवला की दोन दिवसांत दहावर जाऊन बसतो. कॅल्शियम महिनाभर ४२० चं ४२०, नाहीतर आज ३८० आणि उद्या ४४०. हीटरवर आणि रिटर्न पंपाच्या जाळीवर पांढरा, खरखरीत थर. डोस पडतो तिथे दुधासारखा धूर निघतो आणि तो लवकर विरत नाही. वाळू बोटाने उकरली तर ढेकळं हाताला लागतात. अ‍ॅक्रोपोराची (फांद्यांच्या दगडी प्रवाळाची) टोकं पांढरी पडली आहेत, वाढ थांबली आहे, मागच्या काचेवरचा जांभळा थर फिका होत चाललाय. आणि शेवटचं, नागपूरचं खास लक्षण: वर्षभर सुरळीत चाललेली टाकी मार्चअखेर बिघडते, नाहीतर मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून आठ दिवस झाले की बिघडते.

जून संपता संपता मला येणारे फोन साधारण एकाच चालीचे असतात. "दादा, डोस तर टाकूनच राहिलो ना मी, मग केएच काहून पडून राहिला?" इतकी वर्षं स्वतःची टाकी सांभाळून आणि दुसऱ्यांच्या टाक्यांत हात घालून मला एक गोष्ट पटली आहे. बहुतेक वेळा डोसचं गणित चुकलेलं नसतं. ज्या आकड्यावर ते गणित बसवलं तो आकडा चुकलेला असतो. मीटर, किट, टाकीचे लिटर, टॉप-अपचं (उडालेल्या पाण्याच्या जागी रोज भरायचं) पाणी यांपैकी एक काहीतरी खोटं बोलत असतं. म्हणून डोसिंग पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

थोडं रसायन, मग कामाला लागू

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. त्यात कॅल्शियम आणि क्षारता, म्हणजे आपण ज्याला केएच म्हणतो ते, ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात: १ डीकेएच (केएच मोजायचं एकक) खर्च झाला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम (दहा लाखात ७ भाग) खर्च होतं. हे प्रमाण बदलत नाही. टाकी धरमपेठेत असो की लक्षद्वीपला.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम असतं आणि केएच जेमतेम ७. रासायनिक तुल्यभारात मोजलं तर कॅल्शियमचा साठा क्षारतेच्या सुमारे आठपट आहे. त्यामुळे रोज अर्धा डीकेएच खाणाऱ्या टाकीत कॅल्शियम रोज साडेतीन पीपीएम कमी होतं. घरगुती किटची चूकच १०-२० पीपीएमची. "केएच पडतो पण कॅल्शियम हलत नाही" यात गूढ काही नाही. कॅल्शियम हलतंय, आपल्याला दिसत नाहीये.

म्हणून डोस नेहमी केएचवरून काढायचा आणि कॅल्शियम त्याच्या मागे प्रमाणात द्यायचं. कॅल्शियमच्या किटवरून रोजचा डोस काढणारा माणूस भिंग घेऊन घड्याळाचा तासकाटा बघत बसलेला असतो.

एक प्रश्न त्याआधीचा. टाकीत नुसते झोआ, मशरूम आणि लेदर असे मऊ प्रवाळ असतील तर डोसिंग कशाला? आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी पुरतं. डोसची गरज दगडी प्रवाळांना, म्हणजे एसपीएस (लहान पॉलिपचे) आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपचे) यांना.

वही आणि घड्याळ

फुकटातली तपासणी हीच. केएच कधी मोजता? "वेळ मिळेल तेव्हा" असं उत्तर असेल तर तिथेच थांबा. प्रवाळ दिवे चालू असताना जास्त वेगाने कॅल्शियम खातं, रात्री कमी. सकाळी डोसनंतर घेतलेलं माप आणि दुसऱ्या दिवशी रात्री डोसआधी घेतलेलं माप यांची वजाबाकी केली तर उत्तर काहीही येईल. एकच वेळ धरा. मी रात्री नऊची धरतो, डोसच्या आधीची. सलग चार दिवस वहीत लिहा. निम्म्या फोनना माझं उत्तर एवढंच असतं, आणि चार दिवसांनी त्यातले बरेच जण परत फोन करत नाहीत.

खारटपणा

केएच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिन्ही एकदम कमी दिसत असतील तर डोसचा विचार सोडा, आधी मीठ बघा. ३५ ऐवजी पाणी ३० पीपीटीवर (हजार भागांत ३० भाग क्षार) आलं असेल तर ४२० चं कॅल्शियम ३६० दिसतं, ८ चा केएच ६.९ दिसतो आणि १३०० चं मॅग्नेशियम १११५ च्या आसपास. तिन्ही सारख्या प्रमाणात उतरतात. अशा पाण्यात कॅल्शियम ओतत बसणं म्हणजे वरण पातळ झालं म्हणून नुसती हळद वाढवणं.

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) साध्या पाण्यावर शून्याला लावला की झालं, असं समजू नका. ३५ च्या जवळ तो चुकत असू शकतो. ३५ पीपीटीचं द्रावण विकत मिळतं, नाहीतर घरी करा: ३६.५ ग्रॅम साधं मीठ (सोडियम क्लोराइड, टाकीचं सागरी मीठ नाही) ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला हवं. आणि आपल्याकडची खास गोम: या यंत्रांची तापमान-भरपाई साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच असते. मे महिन्यात दुपारी दोनला, ३९ अंशांच्या खोलीत काढलेलं माप मी धरत नाही. पहाटे मोजा.

किट खरं बोलतं का

ही तपासणी फार कमी लोक करतात आणि खर्च अगदी किरकोळ. किटची बाटली आपल्याकडे कुरिअरच्या गाडीत दोन दिवस उन्हात तापून येते, मग घरी दिव्यांच्या कपाटात महिनोन्‌महिने राहते. तिच्यावर डोळे झाकून विश्वास का ठेवायचा?

३ ग्रॅम खायचा सोडा १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी चालतं. त्यातलं १०० मिली घेऊन त्याच पाण्याने १ लिटर करा. हे झालं १० डीकेएचचं द्रावण. तुमच्या किटने ते मोजा. ९.७ ते १०.३ आलं तर किट ठीक. ८.५ आलं तर महिनाभर तुम्ही दीड डीकेएच जास्त ठेवून बसला होतात. टोकं का जळली, तेही कळलं.

काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३ ग्रॅम म्हणजे अंदाजपंचे. सोडा घेताना बेकिंग पावडर उचलू नका, तिच्यात आम्लाची पूड आणि स्टार्च असतो. पापडखार तर नाहीच. किराणा दुकानात "सोडा द्या" म्हटलं तर यांपैकी काहीही हातात येऊ शकतं. पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं बघूनच घ्या.

टॉप-अपचं पाणी: नागपूरची खरी भानगड

इथे जरा थांबणार आहे, कारण माझ्या पाहण्यातले अर्ध्याहून जास्त बिघाड इथे निघाले.

नळाला पेंच किंवा कन्हानचं पाणी, गच्चीच्या टाकीत त्यात बोरचं मिसळलेलं, आणि स्वयंपाकघरात प्यायचा आरओ. पुष्कळ जण हे आरओचं पाणी शुद्ध समजून टॉप-अपला वापरतात. घरगुती आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो आणि चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतो. टीडीएस पेन बुडवा. ८०, १०० दाखवेल. रीफला हवं ० ते ५, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे मणी) लागतंच.

फरक किती पडतो बघा. ३०० लिटर पाण्याची टाकी, मे महिना, खोलीत कूलर नाही, संपावर (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवर) पंखे लावलेले. रोज ८ लिटर उडतं. भरायला बोरचं पाणी, ज्याची क्षारता १५ डीकेएच आहे. रोज ०.४ डीकेएच नुसत्या टॉप-अपमधून आत जातो. म्हणजे डोस न देता केएच टिकतो आणि मालक खूश. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, बाष्पीभवन दोन लिटरवर आलं की ती फुकटची भर ०.१ वर येते. मग फोन. त्या पाण्यातून सिलिकेट, नायट्रेट आणि फॉस्फेटही आत आलेलं असतं, ते वेगळंच.

याचाच दुसरा अवतार चुन्याचा. पानाच्या टपरीवर भिजवलेल्या चुन्यावर जे स्वच्छ पाणी तरंगतं ती चुन्याची निवळी. रीफवाले तिलाच काल्क म्हणतात. टॉप-अपच्या डब्यात काल्क मिसळलं की पाणी भरण्याबरोबर कॅल्शियम आणि क्षारता बरोबर प्रमाणात आत जाते. पद्धत उत्तम आहे, पण ती डोसला बाष्पीभवनाशी बांधते. आणि नागपुरात बाष्पीभवन वर्षभर एकसारखं कधी असतं? वरच्याच ३०० लिटरच्या टाकीत लिटरमागे १ ग्रॅम काल्क धरा. जानेवारीत ४ लिटर उडतं, रोज १ डीकेएच आत जातो, टाकीची भूक तेवढीच, सगळं छान बसतं. मे महिन्यात ८ लिटर, म्हणजे २ डीकेएच. ऑगस्टमध्ये २ लिटर, म्हणजे अर्धा. डबा तोच, चमचा तोच, आणि डोस चौपट इकडेतिकडे. मार्चअखेरचा बिघाड आणि मृगानंतरचा बिघाड, दोन्ही या एका डब्यातून निघतात.

उपाय साधा. उडणारं पाणी आठवड्यातून एकदा मोजा आणि त्याप्रमाणे लिटरमागचं काल्क बदला. किंवा काल्कने फक्त पावसाळ्यातल्या बाष्पीभवनाएवढी गरज भागवा आणि उरलेली पुढे दिलेल्या दोन बाटल्यांच्या डोसने भरा. मी दुसरं करतो. टपरीचा किंवा घराला लावायचा चुना वापरू नका, त्यात काय काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. अन्न किंवा प्रयोगशाळा दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. निवळी डब्यात उघडी ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तिच्यावर साय धरते आणि ती साय म्हणजे वाया गेलेलं कॅल्शियम. आणि काल्क गरम पाण्यात कमी विरघळतं, जास्त नाही. उन्हाळ्यात तळाशी साका जास्त दिसला म्हणून अजून चमचा घालणारे आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

टॉर्च आणि व्हिनेगर

आता टाकीत डोकं घाला. हीटर, चिलरची नळी, पंपाचा इंपेलर, वाळू. पांढरा थर दिसला तर खरवडून व्हिनेगरमध्ये टाका. फसफसला तर ते कॅल्शियम कार्बोनेट. तुम्ही विकत घेतलेला डोस प्रवाळाऐवजी हीटर खातोय. आपल्याकडे हीटर डिसेंबर-जानेवारीतच लागतो, त्यामुळे वर्षभर पाण्यात पडून असलेला हीटर थंडीच्या पहिल्या रात्री चालू होतो आणि फेब्रुवारीत बाहेर काढला की चुन्याची कांडी झालेला दिसतो.

असं होण्याची दोन कारणं मला वारंवार सापडली. पहिलं मॅग्नेशियम. ते कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढू देत नाही, म्हणूनच समुद्रात इतकं कॅल्शियम पाण्यात राहू शकतं. मॅग्नेशियम १२०० च्या खाली गेलं की केएच आणि कॅल्शियम दोन्ही वर धरणं अवघड होतं. जितकं घालाल तितकं वाळूत जाऊन बसतं. १३०० च्या आसपास आणा. १०० लिटरला १०० पीपीएम वाढवायला सुमारे ८४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट लागतं, आणि एका दिवसात १०० पीपीएमपेक्षा जास्त वाढवायचं नाही.

दुसरं कारण घाई. हे मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या वर्षांत एकदा लग्नाला जायचं होतं, गाडी खाली हॉर्न देत होती, मी सोड्याचं द्रावण संपात ओतलं आणि पाच मिनिटांत त्याच कोपऱ्यात कॅल्शियम. रात्री परत आलो तर टाकीत माघातलं धुकं उतरलेलं. मासा दिसेना. अशा वेळी पंप बंद करायचे नाहीत, घाबरून आणखी काही ओतायचं नाही. खिडक्या उघडा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा, फिल्टर सॉक लावा आणि दुसऱ्या रात्री नऊला मोजा. माझा केएच तेव्हा डोस घालण्याआधी होता त्यापेक्षाही खाली गेला होता, कारण साका बनताना आधीचाही घेऊन बसला. तेव्हापासून सोडा सकाळी, कॅल्शियम रात्री, आणि दोन्ही जोरदार प्रवाहाच्या वेगवेगळ्या जागी.

आता गणित

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच डोस काढायला बसा.

पहिली अडचण लिटरची. चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी काचेच्या मापाने साडेचारशे लिटरची. त्यातून दगड, वाळू, वरची रिकामी पट्टी वजा करा, संप मिळवा. अंदाज बांधण्यापेक्षा पहिल्यांदा भरताना २० लिटरचे जार मोजलेले बरे. ते राहिलं असेल तर उलटं गणित करा: टाकी ४०० लिटरची समजून १२ ग्रॅम खायचा सोडा विरघळवून घाला, तासाभराने मोजा. केएच १ ने वाढला तर ४००. १.३ ने वाढला तर खरं पाणी ३०० च्या आसपास. हा आकडा टाकीवर पेनने लिहून ठेवा.

मग भूक मोजा. काल्कसकट सगळा डोस ४८ तास बंद. सोमवारी रात्री नऊला ८.४, बुधवारी रात्री नऊला ७.२. दोन दिवसांत १.२, म्हणजे रोजची भूक ०.६ डीकेएच. एसपीएसने गच्च भरलेली टाकी असेल तर २४ तासांनीच मोजा आणि ७ च्या खाली जाऊ देऊ नका.

१०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. ३०० लिटरला ०.६ साठी ५.४ ग्रॅम रोज. त्याच्या जोडीचं कॅल्शियम म्हणजे ४.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. रोज ग्रॅम मोजण्यापेक्षा दोन बाटल्या करा: एका लिटर पाण्यात ८० ग्रॅम सोडा, दुसऱ्या लिटरमध्ये ७० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. हे आकडे असे निवडलेत की दोन्ही बाटल्यांतून सारखेच मिली घ्यायचे. आपल्या उदाहरणात दोन्हीतून ६८ मिली. सोडा नाहीतर कॅल्शियम कुठलं जास्त, हा प्रश्नच उरत नाही.

खड्डा भरणं आणि रोजचा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. केएच ६.८ वर आहे आणि ८.२ वर न्यायचा आहे, तर ३०० लिटरला १२.६ ग्रॅम सोडा एकदाच, दोन-तीन दिवसांत वाटून. हा खड्डा. त्याशिवाय रोजचे ५.४ ग्रॅम चालूच. लोक खड्डा भरायचा डोस रोज चालू ठेवतात, मग दहा दिवसांनी केएच १२ झालेला असतो. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. कॅल्शियमचा खड्डा भरणं त्या मानाने सोपं: ३८० वरून ४२० ला ३०० लिटरसाठी ४४ ग्रॅम, तेही दोन दिवसांत.

केएच किती ठेवायचा यावर माणसं भांडतात. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर असलेल्या टाकीत मी ७.५ ते ८ च्या वर जात नाही; भरपूर खाऊ पिऊ घातलेली टाकी ९ ला सुखात असते. आकड्यापेक्षा तो एका जागी राहणं महत्त्वाचं.

डोस बसवला आणि महिन्याभराने परत हललं तर आधी खोली बघा. वाळ्याचा कूलर लावला की बाहेरची हवा सतत आत येते, खोलीतला कार्बन डायऑक्साइड उतरतो, पाण्याचा पीएच वर जातो आणि प्रवाळ जास्त वेगाने बांधकाम करतं. केएचची भूक वाढते. त्याच घरात दारं-खिडक्या लावून एसी चालवला आणि चार माणसं आत बसली की उलटं. त्यामुळे कूलरवाल्या खोलीत मी खायचा सोडा वापरतो, जो पीएच वर ढकलत नाही. एसीच्या बंद खोलीत पीएच सकाळी ७.८ च्या खाली दिसला तर सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) बरी. ती १०० लिटरला १.९ ग्रॅमच लागते, ३ नाही. हा फरक विसरला की दीडपट डोस जातो.

पाकीट आणि पंप

कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. त्रिमूर्तीनगरच्या एका काकांकडे ऑगस्टमध्ये गेलो, तर त्यांनी कपाटातून बरणी काढली आणि ती हलवली तेव्हा आतून डुचमळल्याचा आवाज आला. तळाशी पाक, वर ढेकूळ, आणि काका त्यातून चमच्याने ढेकूळ काढून काट्यावर मोजत होते. दहा ग्रॅममध्ये क्षार किती आणि पाणी किती, कोण सांगणार? पाकीट फोडलं त्याच दिवशी सगळं विरघळवून टाका. ५०० ग्रॅमचे ७ लिटर होतात, झाकण घट्ट लावलेल्या कॅनमध्ये ते कितीही दिवस टिकतात. पाकिटावर डायहायड्रेट आहे की अनहायड्रस, तेही वाचा. अनहायड्रस असेल तर लिटरला ७० नाही, ५३ ग्रॅम. आणि ते विरघळताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून पाण्यात क्षार घाला, क्षारावर पाणी ओतू नका.

पंपाचं थोडक्यात. पेरिस्टाल्टिक पंपाची (नळी दाबत दाबत डोस पुढे ढकलणाऱ्या पंपाची) नळी झिजते आणि ६८ मिली म्हणून सांगितलेले ५५ पडतात. महिन्यातून एकदा मोजपात्रात धरून बघा. नळीचं टोक पाण्याला टेकलं असेल तर तिथे पांढरा दात उगवतो आणि एक दिवस नळी बंद. स्वस्त पंपाचं घड्याळ वीज गेली की बारावर जातं. दोन बाटल्यांच्या डोसमधून मागे मीठ उरतं, त्यामुळे खारटपणा हळूहळू चढतो. पाणी बदलणं सुटत नाही.

केएच पडतोय, पण कॅल्शियम खरंच पडत नाहीये

सगळं तपासून झालं, महिनाभराच्या नोंदी आहेत, एकूण ६ डीकेएच खर्च झाले आणि कॅल्शियम ४३ पीपीएमने उतरायला हवं होतं ते उतरलं नाही. तर केएच सांगाड्यात गेलेला नाही. नायट्रेट मोजा. अमोनियाचं नायट्रेट होताना क्षारता खर्च होते: नायट्रेट ५० पीपीएमने वाढलं म्हणजे सुमारे २.३ डीकेएच तिथे गेला. खूप खाऊ, स्किमर बंद, मासे दाटीने. डोस वाढवून हे मिटत नाही, खाऊ कमी करा.

नवीन टाकीत पहिले काही महिने कोरडा दगड आणि ताजी वाळू स्वतःवर साका ओढून घेतात. तिथे वाट बघणं हाच उपाय.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या तर केएच गेला खड्ड्यात. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. क्षार चढून तडकलेला हीटर हे नेहमीचं कारण. टाकीच्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

काल्कची पूड किंवा निवळी डोळ्यात उडाली तर नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, "बघू उद्या" चालत नाही. चष्मा घालून काम करा, आणि डबा मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

कॅल्शियम रिअ‍ॅक्टरच्या (कार्बन डायऑक्साइडने प्रवाळाचा चुरा विरघळवून डोस देणाऱ्या यंत्राच्या) गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर गळत असेल तर खिडक्या उघडून बाहेर निघा आणि गॅसवाल्याला सांगा. चिलरचा (टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा) गॅस संपला असेल तर एसी-फ्रिजचा मिस्त्री. दोन्हींत स्वतः पाना चालवू नका.

किट तपासलं, खारटपणा तपासला, मॅग्नेशियम १३०० आहे, तरी दोन महिने प्रवाळ आक्रसतंय, तर पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला (प्रयोगशाळेत पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी चाचणी) पाठवा. त्यात तांबं, जस्त, गंजलेल्या चुंबकाचं लोह असं किटला न दिसणारं कळतं. केएच मात्र त्यावरून ठरवू नका, तो घरीच मोजायचा.

आणि एका रात्रीत दोन-तीन वसाहतींचं कातडं बुडापासून सुटायला लागलं तर डोसमध्ये काहीही बदल न करता अनुभवी माणसाला फोन करा. सुटत चाललेली वसाहत निरोगी भागाच्या आत कापून वेगळी करावी लागते, आणि पहिल्यांदाच करताना हात थरथरतो. येणारा माणूस प्रवाळ कुठून आणलं तेही विचारेल. आपल्या किनाऱ्यावरचं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कागद नसलेल्या मालाच्या टाकीला मीही हात लावत नाही.

फोन करताना वही समोर घ्या. शेवटचे दहा आकडे, मोजल्याची वेळ, रोज उडणारे लिटर, दोन्ही बाटल्यांतून जाणारे मिली. "केएच किती?" असं विचारल्यावर "नॉर्मल आहे" म्हणू नका. ७.२ असेल तर ७.२ सांगा.